कव्हेंट्रीत दिसलेला मुलगा

फिंटन बोहन मला कव्हेंट्रीत कधीच दिसला नव्हता. एवढंच वाक्य आहे, शाळेतलं पोरही एका दमात म्हणेल. मला ते म्हणायला बत्तीस वर्षं लागली, आणि तेही मी सरळ म्हटलं नाही. भरल्या कोर्टात एका बाईनं ते माझ्या तोंडातून ओढून काढलं.

आमच्या लीट्रिम भागात एक रीत होती. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि ती मोडली. त्या काळी ऑगस्टचे दोन आठवडे इंग्लंडातली बांधकामं बंद असायची आणि आम्ही सगळी पोरं बोट पकडून समुद्रापलीकडे घरी यायचो. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटली की चर्चच्या फाटकाशी आया थांबलेल्या असायच्या. "आमचा दिसला का रे तिकडे?" या प्रश्नाला उत्तर एकच. "दिसला की. मजेत आहे." तो खरंच दिसलेला असो वा नसो. दारूपायी रस्त्यावर आलेला असला तर म्हणायचं, "काम जरा लांब लागलंय त्याचं." याला कुणी खोटं म्हणत नसे. घरी येताना बिस्किटांचा डबा आणायचा, तशी शेजारणीला एक चांगली बातमीही आणायची. आया ती घेत, "देवाची कृपा" म्हणत आणि जेवण करायला घरी जात. रीत त्यांनाही ठाऊक होती, त्यामुळे पुढचं कुणी विचारत नसे.

डीलिया बोहननं विचारलं.

साल १९८७. मी बावीस वर्षांचा, इंग्लंडात कव्हेंट्री शहरात इमारतींना परांच्या बांधायचं काम करत होतो. तिचा फिंटन एकोणीसचा. मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी त्याचं बापाशी वाजलं. पोरानं कुरणाचं फाटक उघडं टाकलं आणि वासरं रस्त्यावर गेली, एवढंच कारण. पोरगा मोटारसायकल काढून निघाला, तो गेलाच. पुन्हा ना तो दिसला, ना गाडी. आठवड्याभरात गावानं ठरवून टाकलं की तो बोटीनं पलीकडे गेला, डोकं थंड झालं की पत्र टाकील. पत्र काही आलं नाही.

ऑगस्टात फाटकाशी डीलिया माझ्याजवळ आली तेव्हा तिच्या हाताला आठ वर्षांची कार्मेल होती, फिंटनची धाकटी बहीण.

"मॅलकी, आमचा फिंटन दिसला का रे?"

"दिसला की, मिसेस बोहन. मजेत आहे."

सवयीनं गेलं तोंडातून. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगाच नाही. पण तिनं माझी बाही धरली.

"कुठे? कुठे दिसला?"

तिथे मला थांबता आलं असतं. "लांबून बघितलं, तोच असेल असं वाटलं" म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण तिनं बाही सोडली नव्हती, आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून वाटेल ते बोलायची मला पहिल्यापासून खोड.

"बसथांब्यावर. कव्हेंट्रीत."

"अंगावर काय होतं?"

"तपकिरी कोट. चांगला जाडजूड."

"वाळलाय का रे?"

"छे हो, उलट सुटलाय जरा."

मग माझं लक्ष खाली पोरीकडे गेलं. फिंटन तिला सायकल शिकवायचा ते गावानं पाहिलं होतं. तो मागून सीट धरून पळायचा आणि ती किंचाळायची. मी म्हणालो, "कार्मेल सायकल शिकली का, विचारत होता."

डीलियाचा चेहरा असा उजळला की मी त्या दिवशी शीळ घालत घरी गेलो. हे सांगायलाच हवं, नाहीतर कुणाला वाटेल की मला तेव्हापासून टोचत होतं. काही टोचत नव्हतं. मला वाटलं, आज आपल्या हातून पुण्य झालं.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचे म्हातारे सार्जंट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. आईनं पाहुण्यांच्या कपातून चहा दिला, मनुकांचा केक कापला. सार्जंटनी दोन ओळी लिहिल्या, की अमुक तारखेला अमुक थांब्यावर मी फिंटन बोहनशी बोललो, आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"कर बाबा सही. म्हणजे माझ्या डोक्याचा एक ताप जाईल."

आई शेजारी उभी होती. आपला लेक शेजारणीच्या उपयोगी पडला म्हणून फुलून गेली होती. तिच्यादेखत "मी थाप मारली" म्हणायची माझी छाती झाली नाही. मी सही केली आणि शनिवारची बोट पकडली.

खोटं एकदा पाळलं की त्याला वेळच्या वेळी चारा घालावा लागतो. पुढच्या ऑगस्टला डीलिया फाटकाशी एक पुडकं घेऊन उभी. आत हातानं विणलेला करडा स्वेटर. "पुन्हा भेटला तर दे. तिकडची थंडी ओली असते म्हणतात." मी तो नेला. देणार कुणाला? जानेवारीत परांचीवर असं वारं लागायचं की दात वाजायचे. एका सकाळी मी तो स्वेटर अंगात घातला आणि पुढे दोन हिवाळे घातला. तिला सांगितलं, "अगदी मापात बसला." ती म्हणाली, "बाह्या मुद्दाम लांब ठेवल्या होत्या. हात लांब आहेत ना त्याचे." त्या बाह्या मी मनगटावर दोनदा दुमडून घेत असे.

आणि ह्यूई, फिंटनचा बाप. जन्मात डब्लिनच्या पुढे न गेलेला माणूस, पण दर नाताळानंतर एक आठवडा कव्हेंट्रीला यायचा. उतरायचा माझ्याच खोलीवर, कारण तिथे त्याच्या ओळखीचा मी एकटा. सकाळी दाढी करून, टाय लावून तो त्या थांब्यावर जाऊन उभा राहायचा. हातात पोराचा फोटो. मी शेजारी.

"हाच ना रे थांबा?"

"हाच."

"कुठल्या बसमध्ये चढला?"

"बघितलं नाही, मिस्टर बोहन."

"बघायला हवं होतंस."

एवढा एकच शब्द तो मला लावून बोलला. त्याच्या शेजारी उभा राहून मीही गर्दीत चेहरे न्याहाळायचो. जो तिथे नाही हे मला पक्कं माहीत होतं त्याला शोधायचं नाटक मी एका बापासमोर करत होतो. असा तो चौदा वर्षं आला. शेवटी शेवटी मी कामाचं निमित्त काढून उजाडायच्या आत निघून जायचो. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "वासरांवरून मी एवढं बोलायला नको होतं." २००१ च्या शरदात तो गेला.

त्याला का सांगितलं नाही? मी स्वतःला सांगायचो की म्हाताऱ्याची आशा कशाला मोडा. ते झूट. सांगितलं असतं तर गावभर माझी छी थू झाली असती, हे खरं कारण. मला माझ्या अब्रूची पडली होती.

पुढे मी काम सोडून गावी परतलो, नुलाशी लग्न केलं, कोंबड्या पाळल्या. डीलिया रस्त्यात भेटली की माझा दंड धरून विचारायची, "नाहीच ना रे पुन्हा दिसला?" आणि मी मान हलवायचो. ते एक उत्तर मात्र खरं होतं.

मग २०१८ चा उन्हाळा आला. सात आठवडे पावसाचा थेंब नाही, आमच्याकडे कुणी ऐकलं नाही असं. बोहनांच्या घरावरून रस्ता डोंगराकडे जातो. मैलभर पुढे उतार आहे, वाकडं वळण आहे आणि वळणाखाली तळं. तळं आटत आटत गाळाला लागलं, आणि गुरांना पाण्यावर नेणाऱ्या एका शेतकऱ्याला गाळातून मोटारसायकलचं हँडल वर आलेलं दिसलं. हाडं तिथेच होती. डीलियाच्या लाळेशी ती जुळवून बघितली, त्यात सहा महिने गेले. फेब्रुवारीत आम्ही त्याला बापाशेजारी पुरलं. दगडावर नाव कोरलं, जन्माचं साल कोरलं. मृत्यूचं साल कोरता येईना. ते कॉरोनरनं, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानं, ठरवायचं होतं.

वास्तविक ठरवायला काय होतं? थंडीची रात्र, रागात निघालेला पोरगा, उतार, वळण, तळं. लहान पोर सांगेल. पण फायलीत माझ्या दोन ओळी होत्या. मार्चमध्ये गेलेला मुलगा ऑगस्टात कव्हेंट्रीत जिवंत, सुटलेला, तपकिरी कोटात. म्हणजे तो परत आला असला पाहिजे. आणि गावाकडून येताना आधी बोहनांचं घर लागतं, तळं मागाहून. म्हणजे तो स्वतःच्या घरावरून पुढे गेला, थांबला नाही, आणि तळ्यात गेला. लोक दुकानात "बिचारा" म्हणायचे, पण असं काही म्हणायचे की त्यात सगळं आलं. घसरून गेला असं त्या "बिचारा"त नव्हतं, जीव दिला असं होतं.

सप्टेंबरात कॉरोनरच्या कचेरीतून मला साक्षीचं पत्र आलं. ते नुलानं फोडलं.

"जाऊन सांग की जे बघितलंस ते. त्यात एवढं पांढरंफटक पडायला काय झालं?"

मी तिला सांगितलं. पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तिनं पत्राची घडी घातली.

"आज पाऊस येणार नाही असं तू म्हणालास की मी आधी दोरीवरचे कपडे आत घेते," ती म्हणाली. "पण ते गमतीनं रे. हे असलं काही तुझ्या पोटात असेल असं वाटलं नव्हतं."

"आता काय करू?"

"मला काय विचारतोस? तिच्या घरी जा. कोर्टात चारचौघांत ऐकायची वेळ आणू नकोस तिच्यावर."

मी गेलो. डीलिया आता शहाऐंशीची. तिनं सोडा ब्रेड कापला, लोणी लावलं, मला चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं.

"तू आलास की बरं वाटतं," ती म्हणाली. "त्याच्याशी शेवटचं बोललेला माणूस तू."

"मिसेस बोहन, मला त्याचंच..."

"थांब. मला एक विचारायचंय, मग तू बोल. कार्मेलला विचारलं तर ती रडते. तुला भेटला तेव्हा तो माझ्यावर रागावलेला होता का?"

"तुमच्यावर?"

"मग माझ्या दारावरून पुढे का गेला रे? दाराला मी कधी कुलूप घातलं नाही. तो गेला त्या रात्रीपासून एक दिवस नाही. ह्यूईचा राग असेल, कबूल. पण मी काय केलं होतं? मी आत बसलेली, तो बाहेरून गाडी घेऊन गेला आणि थांबला नाही. रात्ररात्र हेच डोक्यात. माझं काय चुकलं ते तरी सांगून जायचं होतं त्यानं."

शब्द ओठांवर आले होते. अगदी आले होते. ती माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही हो, रागावलेला मुळीच नव्हता. उलट तुमची चौकशी केली त्यानं."

ही नवी होती. बत्तीस वर्षांनी, त्याच बाईसमोर, तिचा ब्रेड खाताना मी आणखी एक थाप मारली. घरी येताना मला माझीच किळस येत होती. नुलानं दारातच ओळखलं.

चौकशी ऑक्टोबरच्या मध्यावर, जिल्ह्याच्या गावच्या कोर्टात झाली. कॉरोनर टॅन्सी नावाच्या वकीलबाई होत्या. चष्मा केसांत खोचलेला, आवाज मऊ. समोर सात जणांची ज्यूरी आणि मागे आमचं अर्धं गाव. डीलिया पहिल्या बाकावर, टोपी घालून, पर्स मांडीवर उभी धरून. शेजारी कार्मेल, आता चाळिशीची, शाळेत शिकवते.

म्हातारे सार्जंट कधीच वारले होते. त्यांच्या जागी आलेल्या तरुण सार्जंट केव्हनीनं ठाण्याची जुनी वही वाचून दाखवली. १५ मार्च १९८७, रविवार, रात्री कडक हिव, रस्ते गोठलेले. सोमवारी सकाळी दुधाची लॉरी त्याच वळणावर घसरून कठड्याला अडली. मोटारसायकलचा गिअर तिसरा, किल्ली चालू स्थितीत, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मग त्यानं पान उलटलं.

"ऑगस्टमध्ये एक नोंद आहे. तळ्यात पाणबुडे उतरवण्याबद्दल. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते यायचे होते. त्यावर रेघ मारलीय. खाली लिहिलंय, रद्द, मुलगा कव्हेंट्रीत दिसला."

हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. मी आजवर समजत होतो की माझ्या थापेनं एका आईला आशा लावली, फार तर एका बापाला फुकट हेलपाटे घातले. ते त्याला सहा महिन्यांत बाहेर काढणार होते. माझ्या सहीनं तो एकतीस वर्षं गाळात राहिला. डीलियानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. तिला अजून त्या रेघेचा अर्थ माझ्याशी जोडता आला नव्हता. तिच्या लेखी मी खरंच त्याला पाहिलं होतं.

माझं नाव पुकारलं. बायबलवर हात ठेवून शपथ झाली. टॅन्सीबाईंनी माझ्या दोन ओळी वाचल्या.

"हे निवेदन तुमचंच ना, मिस्टर मल्वी?"

"हो."

"आजही तुम्ही यावर ठाम आहात?"

"नाही."

मागे बाकं करकरली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"म्हणजे कसं? बरीच वर्षं झाली आहेत. परक्या शहरात, गर्दीत, तसाच दिसणारा दुसरा कुणी मुलगा असू शकतो. तुमची गफलत झाली असेल, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

बिचारीनं भल्या मनानं विचारलं. पण मला तिनं पळवाट काढून दिली होती. गफलत! गफलत कुणाचीही होते. सालाचा घोळ मिटतो, डीलियाच्या दारावरून पोरगा गेला नाही हेही सिद्ध होतं, आणि मॅलकी मल्वी वयानं विसरभोळा झालेला भला माणूस म्हणून घरी जातो. साप मरतो आणि काठीही मोडत नाही.

"हो," मी म्हणालो. "गफलतच झाली असावी."

हायसं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, पायांतलं ओझं उतरल्यासारखं झालं. टॅन्सीबाईंनी लिहून घेतलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, की घरच्यांना साक्षीदाराला काही विचारायचं आहे का. कार्मेल उभी राहिली.

एरवी ती मला मॅलकी म्हणते. "मिस्टर मल्वी," ती म्हणाली, "मी सायकल शिकले का, असं त्यानं विचारलं होतं. तुम्हीच सांगितलं होतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग कव्हेंट्रीतल्या त्या दुसऱ्या मुलाला माझं नाव कसं माहीत?"

मी टॅन्सीबाईंकडे बघितलं. त्या लिहायच्या थांबल्या होत्या.

"मी त्याच आठवड्यात सायकल शिकले," ती शांतपणे म्हणाली, वर्गात बोलत असल्यासारखी. "दोन्ही गुडघे फोडून घेतले. तुमची बोट शनिवारी होती, त्याच्या आत मला यायला हवी होती. शुक्रवारी तुमच्या अंगणात येऊन चालवून दाखवली. तुम्ही म्हणालात, सांगतो त्याला. पुढच्या ऑगस्टला म्हणालात, सांगितलं, खूश झाला. कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"मोठ्यानं बोला," टॅन्सीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मऊ नव्हता.

"कुणालाच सांगितलं नाही. तो मला दिसलाच नव्हता. थांबा, कोट, तुझी सायकल, सगळं मी रचलं. गफलत नव्हती, मॅडम. थाप होती. ती म्हणाली दिसला का, मी म्हणालो दिसला. मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो."

गावातल्या ज्या माणसांनी आयुष्यभर तीच थाप फाटकाशी उभं राहून मारली होती, ती माझ्याकडे बघत होती आणि बघत नव्हती. कोपऱ्यात नुला मान खाली घालून बसलेली. माझ्यामुळे तिला ती घालावी लागली, हे मला त्या सगळ्यांहून जास्त लागलं. स्वेटरचं मात्र मी तिथेही बोललो नाही. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"बसा खाली," टॅन्सीबाई म्हणाल्या.

ज्यूरी दहा मिनिटांत परतली. मृत्यू अपघाती. १५ मार्च १९८७ च्या रात्री किंवा त्या सुमारास. कॉरोनरनं, ज्यूरीच्या वतीनं एका माणसानं आणि सार्जंटनं कुटुंबाचं सांत्वन केलं, आणि मग आमच्याकडे होतं तसं सगळं गाव उठून रांगेनं पहिल्या बाकाकडे निघालं. डीलियाचा हात हातात घ्यायचा, "तुमच्या दुःखात आहोत" म्हणायचं, पुढे सरकायचं. दार त्या बाकापलीकडे होतं. मी भिंतीच्या कडेनं सटकायला बघत होतो.

"मॅलकी," डीलियानं हाक मारली. "इकडे ये."

रांगेनं मला वाट करून दिली. तिनं माझा हात धरला, बाकीच्यांचा धरत होती तसाच.

"म्हणजे तो माझ्या दारावरून गेला नाही."

"नाही, मिसेस बोहन."

"निघाला त्याच रात्री गेला. थांबायला म्हणून परत आलाच नव्हता."

"नाही. तो कुठेच गेला नव्हता."

"बरं," ती म्हणाली आणि तिचे खांदे खाली आले. "बरं झालं."

कार्मेल दाराकडे बघत उभी होती, माझ्याकडे नाही. डीलियानं हात सोडला नव्हता. मला वाटलं, सुटलो. ही म्हातारी संतीण आहे, हिनं पदरात घेतलं मला. माझ्या डोळ्यांत पाणीही आलं, निर्लज्जासारखं.

"नोव्हेंबरात पाद्रीबाबा घरोघर लिफाफे पाठवतात ना," ती म्हणाली, "आपापल्या घरची गेलेली माणसं लिहून द्यायची, आणि महिनाभर ती नावं वेदीवर ठेवून त्यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मिस्सा होते?"

"हो."

"मी दरवर्षी लिहिते. माझे आईबाप लिहिते. ह्यूई गेल्यापासून त्याला लिहिते. तुझी आई वारली तेव्हा तू तिकडे होतास, तिचं लिहिणारं मागे कुणी नव्हतं. तू परत येईपर्यंत तिचंही नाव मीच लिहीत होते, मॅलकी. दहा वर्षं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या नावाचा लिफाफा कोण भरत असेल, असा प्रश्नही मला त्या दहा वर्षांत पडला नव्हता.

"आणि माझ्या पोराला जिवंत धरून मी त्याच्यासाठी काय मागत होते? त्याला काम मिळू दे. त्याला थंडी लागू नये. चांगली मुलगी मिळू दे." तिचा आवाज चढला नाही. "तो तळ्यात पडलेला, आणि त्याच्या आत्म्यासाठी एक शब्द कुणी काढला नाही. त्याच्या आईनंसुद्धा नाही. बत्तीस नोव्हेंबर तो एकटा होता रे."

तिनंच माझा हात सोडला. माझ्यामागे माणसं खोळंबली होती, त्यांना तिच्याशी हात मिळवायचा होता. मी बाजूला झालो.